सोंगाच्या खेळांतील पापपुण्य

शाळेच्या वार्षिकांत व्हिडिओ गेमविषयीं कांहीं लिहावयाचें म्हणजे पुष्कळ पालकांच्या कपाळास आठ्या पडावयाच्या, हें आम्ही जाणून आहों. ह्या पृष्ठांवर आरोग्य, वाचनाची गोडी, वेळेचा सदुपयोग अशा निरुपद्रवी विषयांवर लेख येत असतात, आणि ते यावेतही. परंतु गेल्या एक-दोन वर्षांत पालक-सभेंत आम्हांस वारंवार विचारला गेलेला प्रश्न ह्यांपैकीं कोणत्याही विषयावरचा नव्हता. "आमचा मुलगा खेळांत राक्षस होतो, चोर होतो, माणसें मारतो, त्याच्या मनावर ह्याचा परिणाम काय होईल?" असा तो प्रश्न होता. त्याचें सरळ उत्तर देणें शिक्षकास प्राप्तच आहे. आमचें उत्तर पालकांस रुचणार नाहीं आणि विद्यार्थ्यांसही सर्वस्वीं रुचेल असें नाहीं. तथापि तें मांडतों.

आधीं विषयाची मर्यादा सांगितली पाहिजे. येथें आम्ही बंदुकीच्या खेळांविषयीं बोलत नाहीं. २ सप्टेंबर २०२० रोजीं केंद्र सरकारनें ज्यावर बंदी घातली तो पबजी पालकांच्या विशेष परिचयाचा आहे. पण त्यांत धांवणें आणि नेम धरणें ह्यांपलीकडे विचार करण्यासारखें फारसें कांहीं नाहीं. पैशांच्या पैजा लावून खेळावयाच्या खेळांवर २०२५ सालीं संसदेनें कायदाच केला, तोही विषय निराळा. आमचा विषय आहे तो सोंगाच्या खेळांचा. ज्यांस रोल-प्लेइंग गेम म्हणतात त्यांत खेळणारा हा एक पात्र बनतो. योद्धा, जादूगार, वैदू, भामटा, वाटेल तें सोंग घेतो, एका अद्भुत राज्यांत प्रवासास निघतो, आणि वाटेंत भेटणाऱ्या माणसांशीं बोलतो. बोलतांना तीन-चार उत्तरें समोर येतात व त्यांतलें एक निवडावें लागतें. दुबळ्यास सोडावयाचें कीं लुटावयाचें, सोबत्याचें गुपित राखावयाचें कीं विकावयाचें, हें खेळणाऱ्याच्या बोटावर असतें. सुटीच्या दिवशीं भाट्याच्या वाळूवर सुरूच्या सावलींत बसलेलीं मोठीं मुलें ज्या माणसांविषयीं तावातावानें भांडत असतात तीं पुष्कळदां गांवांतलीं नसून ह्या खेळांतलीं असतात, हें आम्हीं स्वतः ऐकिलें आहे. अमका वाईट कां, तमका क्षम्य कां, असा तो वाद असतो. नीतिशास्त्राच्या तासास इतका उत्साह आम्हांस कधीं आणतां आलेला नाहीं.

ह्या खेळांचा मूळपुरुष १९७४ सालीं अमेरिकेंत जन्मला. गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन ह्या दोघांनीं 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' नांवाचा खेळ प्रसिद्ध केला. त्यास पडदा नको, वीज नको. कागद, पेन्सिल, अनेक बाजूंचे फांसे आणि चार मित्र एवढ्यावर काम भागे. पुढील दशकांत त्या देशांतील कित्येक ख्रिस्ती मंडळींनीं हा खेळ म्हणजे सैतानाची उपासना होय असा गवगवा केला, पत्रकें काढिलीं, पालकांस भयभीत केलें. आमच्याच धर्मबंधूंनीं तें केलें म्हणून त्यावर पांघरूण घालण्याचें कारण नाहीं. आज पन्नास वर्षें लोटलीं. त्या काळचीं मुलें आतां आजोबा-आजी होऊं लागलीं आहेत, आणि फांसे टाकून सैतानाच्या चाकरीस लागलेला मनुष्य आमच्या तरी ऐकिवांत नाहीं.

म्हणून आमचें पहिलें अप्रिय मत असें, कीं खेळांत दुष्टाचें सोंग घेतल्यानें मूल दुष्ट होत नाहीं.

रत्नागिरीच्या माणसास तर हें सांगण्याची गरजच पडूं नये. शिमग्याच्या दिवसांत नमन-खेळ्यांत संकासुर येतो. काळा झगा, उंच टोपी, कमरेस घुंगरूं, असा तो आला कीं वाडींतलीं मुलें त्याच्या मागें धांवतात, तो वळला कीं किंचाळत पळतात, आणि पुन्हां त्याच्याच मागें जातात. हा संकासुर कोण? वेद चोरून नेणारा दैत्य! खालीं सिंधुदुर्गाकडे दशावतारांत तर तो पूर्वरंगाचा प्राण आहे. देव व राजे शुद्ध भारदस्त भाषेंत बोलतात. हा एकटा मालवणींत बोलतो आणि हंशा पिकवितो. शेवटीं विष्णूच्या हातून त्याचा वध होतो. पण मंडळी घरीं जातांना आठवण काढतात ती ह्याची. पुढें आख्यान लागलें म्हणजे दिवसा शेतांत राबणारा गडी रात्रभर दुर्योधन होतो किंवा कंस होतो. त्याच्या भाषणाची वही कोणीं लिहून दिलेली नसते. कथेचा सांगाडा ठाऊक असतो आणि शब्द त्यानें जागच्या जागीं योजावयाचे असतात. म्हणजे दुष्टाची बाजू त्यास स्वतःच्या डोक्यानें लढवावी लागते! अमेरिकेंतील त्या दोघांनीं जें शोधून काढिलें म्हणतात तें कोंकणांतील देवळांपुढें पिढ्यान् पिढ्या चालत आलें आहे. रात्रीं कंस झालेला गडी सकाळीं कोणाच्या पोरांस मारीत सुटला असें कधीं घडलें नाहीं. उलट दुष्टाचें मन आंतून पाहिलेल्या त्या माणसास गांवकीच्या बैठकींत माणसें जरा अधिक कळतात, असें जुन्या जाणत्यांचें म्हणणें आम्हीं ऐकिलें आहे.

नाताळच्या नाटिकेंत हेरोद राजा कोणीं व्हावयाचें, ह्यावर दरवर्षीं अडून बसतें. देवदूत व्हावयास पंधरा मुलें तयार. मेंढपाळ तर हवे तितके. हेरोदाचें नांव काढिलें कीं घरून निरोप येतो, "आमच्या मुलास तेवढें काम देऊं नका." आम्ही त्या पालकांस नम्रपणें विचारूं इच्छितों, कीं हेरोदावांचून ती कथा कशी सांगावयाची? ज्यास राज्य जाण्याचें भय वाटतें तो कोणत्या थरास जातो हें दाखविणारें दुसरें पात्र त्या नाटिकेंत नाहीं. देवदूताचें काम करणाऱ्या मुलास पांढरा झगा घालून उभें राहण्यापलीकडे विचार करावा लागत नाहीं. हेरोदाचें करणाऱ्यास मात्र करावा लागतो.

येथें कोणी चतुर पालक आम्हांस अडवील, आणि त्याचें अडविणें रास्त आहे. दशावतारांत संकासुर मरणार हें ठरलेलें आहे. नट तें बदलूं शकत नाहीं. पडद्यावरील खेळांत तसें नाहीं. तेथें दुष्टपणा करून जिंकतांही येतें. शिवाय दशावतारास सारा गांव समोर बसलेला असतो; मुलगा मात्र दार लावून एकटा खेळतो. हा भेद खरा आहे आणि आम्ही तो उडवून लावीत नाहीं. परंतु त्यावरून निघतें तें इतकेंच, कीं दार उघडें असावें आणि कोणीतरी मोठें माणूस मधून मधून शेजारीं बसावें. सोंगच वाईट, असें त्यावरून निघत नाहीं. आणि ज्या खेळावर अठरा वर्षांखालील मुलांसाठीं नाहीं असें छापलेलें आहे तो अठरा वर्षांखालील मुलाच्या हातीं देऊं नये, हें तर सांगावयास शिक्षक कशाला पाहिजे?

आतां आमचें दुसरें मत. हें पहिल्याहून अधिक अप्रिय होईल अशी आमची खात्री आहे. मुलानें खेळांत केलेला दुष्टपणा आम्हांस फारसा भिववीत नाहीं. त्यानें केलेला कित्येक तऱ्हेचा चांगुलपणा मात्र भिववितो.

२००४ सालीं इंग्लंडमधील लायनहेड मंडळीनें 'फेबल' नांवाचा खेळ काढिला. त्यांत नायकाच्या प्रत्येक कृत्याचे गुण मांडले जातात. वाईट कृत्यें सांचलीं कीं त्याच्या डोक्यास शिंगें फुटतात व भोंवतीं माशा घोंघावतात. चांगलीं सांचलीं कीं मस्तकाभोंवतीं तेजोवलय येतें आणि फुलपांखरें उडूं लागतात. पाहावयास मोठें गमतीचें आहे. पण त्या राज्यांत एक देऊळ आहे, आणि तेथें सुवर्णमुद्रा अर्पण केल्या कीं पुण्याचा आंकडा वाढतो! म्हणजे दिवसभर लूट करावी, सायंकाळीं त्यांतलाच वाटा देवळांत टाकावा, आणि वलय मिळवावें. युरोपांत ह्याच जातीच्या व्यापारावरून १५१७ सालीं केवढें रण माजलें हें दहावीच्या विद्यार्थ्यांस इतिहासांत ठाऊक आहेच. आमच्या गांवोगांवच्या देणगीफलकांविषयीं आम्ही येथें कांहीं बोलत नाहीं.

ह्या तऱ्हेच्या खेळांत मूल दयाळू होतें तें गुणासाठीं. भिकाऱ्यास नाणें दिलें, कीं तें आधीं भिकाऱ्याकडे पाहत नाहीं. कोपऱ्यांतील आंकडा किती वाढला तें पाहतें. आंकडा वाढला नाहीं तर, "येथें कांहीं मिळत नाहीं," म्हणून पुढें जातें. राक्षसाचें सोंग घेणाऱ्या मुलास आपण सोंग घेतलें आहे हें ठाऊक असतें. ह्या दुसऱ्यास मात्र आपण खरेंच चांगले आहों असें वाटूं लागतें, आणि तेथेंच सारा घोटाळा आहे.

पापपुण्याचा हिशेब पटावर मांडण्याची कल्पना कांहीं परकी नव्हे. सापशिडीचा खेळ आपल्याकडील जुन्या मोक्षपटावरून निघाला. महाराष्ट्रांत परंपरा त्याचा संबंध ज्ञानदेवांशीं जोडते. शिडीच्या पायथ्याशीं सद्गुण लिहिलेला, सापाच्या तोंडाशीं दुर्गुण, आणि शेवटच्या घरांत मोक्ष. कांहीं जुन्या पटांवर शिड्यांपेक्षां सापच अधिक असत. पुढें हा खेळ विलायतेस गेला, तेथें त्याचीं चित्रें बदललीं, आणि हळूहळू घरांतील सद्गुणांचीं नांवें पुसलीं जाऊन नुसते आंकडे राहिले. ह्या पटांत एक गोष्ट आम्हांस फार शहाणपणाची वाटते. दान पडावयाचें तें कवड्यांच्या किंवा फांशाच्या हातीं. शिडी मिळावी म्हणून खेळणाऱ्यास कांहींच बेत करतां येत नाहीं. म्हणून शिडी चढलेल्यास गर्व करावयास जागा नाहीं, आणि सापानें गिळलेल्यास हिणविण्याचीही सोय नाहीं. कारण पुढच्या दानास तोच साप आपणांसही गिळूं शकतो. पुण्य बेतानें मिळवितां येतें ही कल्पना त्या जुन्या पटाच्या कर्त्यास शिवलीच नाहीं.

संगणकाच्या खेळांतही सारेच 'फेबल'सारखे आहेत असें नाहीं. १९८५ सालीं रिचर्ड गॅरियट ह्यानें 'अल्टिमा'च्या मालिकेंतील चवथा खेळ काढिला. त्यांत कोणा महादुष्टास मारावयाचें नाहीं. सत्य, करुणा, शौर्य, न्याय, त्याग, प्रतिष्ठा, अध्यात्म व नम्रता हे आठ गुण अंगीं बाणवून नायकानें 'अवतार' व्हावयाचें आहे. शब्द आपलाच आहे, हें वाचकांच्या ध्यानांत आलेंच असेल. त्यांत जडीबुटी विकणारी एक आंधळी बाई आहे. ती आपली किंमत सांगते आणि नाणीं खेळणाऱ्यानें मोजून द्यावयाचीं असतात. कमी दिलीं तरी ती कांहीं बोलत नाहीं, माल देते. पडद्यावर कोणताही आंकडा हलत नाहीं. मुलास वाटतें, पचलें! फार पुढें, सत्याची परीक्षा द्यावयाची वेळ आली म्हणजे त्यास कळतें कीं तो अप्रामाणिक ठरलेला आहे, आणि केव्हांपासून तेंही त्यास आठवावें लागतें. चाळीस वर्षांपूर्वींच्या ओबडधोबड चित्रांच्या ह्या खेळास आम्ही 'फेबल'च्या फुलपांखरांपेक्षां वरचा मान देतों.

आतां अलीकडच्या एका खेळाकडे वळतों, कारण मोठ्या मुलांचे वाद आज मुख्यतः त्याच्याविषयीं चालतात. ३ ऑगस्ट २०२३ रोजीं बेल्जम देशांतील लॅरियन मंडळीनें 'बाल्डर्स गेट ३' हा खेळ प्रसिद्ध केला. तो प्रौढांसाठीं आहे हें पुन्हां एकदां बजावून सांगतों. गणपतीस घरीं आलेल्या आमच्या एका माजी विद्यार्थ्यानें तो आम्हांस दाखविला, आणि शाळकरी मुलें यूट्यूबवर इतरांचा खेळ पाहून त्यांतील पात्रांस नांवानिशीं ओळखतात असें सांगितलें. वर्गांत विचारतां तें खरें निघालें. ह्या खेळांत गुणांचा तक्ता नाहीं. सोबती मात्र आहेत, आणि ते आपल्या वागण्यानें संतुष्ट किंवा रुष्ट होतात.

त्यांतील ॲस्टारियन हा सर्वांचा लाडका. तो रक्तपिपासु आहे. दोनशें वर्षें एका क्रूर धन्याचा गुलाम होता, आणि त्या धन्यासाठीं कित्येकांस फसवून आणून त्यानें त्यांचा घात केला. त्याचे हाल ऐकून कोणासही कळवळा यावा असें तें पात्र रंगविलें आहे, शिवाय तो देखणा आहे आणि बोलण्यांत चतुर आहे. शेवटीं एक विधि करून त्यास अपार सामर्थ्य मिळवितां येतें; किंमत मात्र सात हजार बंदिवान जीवांची. पुष्कळ खेळणारे म्हणतात, "त्यानें इतकें सोसलें, त्यास एवढें मिळूं द्या." आमचें मत अगदीं उलट आहे. ज्यानें सोसलें त्याच्याविषयीं करुणा वाटावी, हें योग्य. परंतु त्याच्या दुःखाचें बिल सात हजार परक्यांनीं कां भरावें? तो देखणा नसता, तोंडानें फटकळ आणि अंगानें कुबडा असता, तर त्याची वकिली करावयास इतकीच मंडळी पुढें आली असती काय? मुलांनीं ह्या एका प्रश्नाचें उत्तर स्वतःशींच प्रामाणिकपणें द्यावें.

त्याच मंडळींत विल नांवाचा एक तरुण आहे. तो भला आहे, शब्दाचा पक्का आहे, आणि म्हणूनच बहुतेकांस नीरस वाटतो. आमच्या मतें साऱ्या खेळांत विचार करण्याजोगें पात्र हेंच. सतरा वर्षांचा असतांना आपलें नगर वांचविण्यासाठीं त्यानें एका पिशाच्च-स्त्रीशीं करार केला. कराराविषयीं बोलण्याची त्यास मनाई होती. म्हणून त्यानें तें कां केलें हें बापास सांगतां आलें नाहीं, आणि बापानें त्यास घराबाहेर घातलें. पुढें त्याच स्त्रीनें त्यास कार्लाक नांवाच्या एका बाईस ठार करण्याची आज्ञा केली. ती राक्षसीण आहे असें त्यास सांगण्यांत आलें होतें. गांठ पडली तेव्हां त्यास दिसलें, कीं ही राक्षसीण नव्हे. हिला एका विश्वासघातक्यानें नरकांत विकलें, तेथें हिचें हृदय काढून त्या जागीं यंत्र बसविलें, आणि हिला दहा वर्षें लढावयास लाविलें. विलनें तिला सोडिलें तर करार मोडल्याची शिक्षा म्हणून त्याचें रूप पालटतें आणि त्याच्या डोक्यास शिंगें येतात.

'फेबल'मध्यें शिंगें येतात तीं पाप्यास. येथें तीं आलीं दया केल्याबद्दल. आणि तीं जात नाहींत! पुढें जो कोणी त्यास पाहतो तो प्रथम शिंगेंच पाहतो. चांगलें केल्याबद्दल कोणी वलय देत नाहीं, बाप समजून घेत नाहीं, आणि वर खेळणारे म्हणतात, "हा सोबती कंटाळवाणा आहे, ह्यास तळावरच बसवूं." आमच्या विद्यार्थ्यांपैकीं ज्यांस घरीं किंवा वर्गांत एखादी खरी गोष्ट बोलल्यामुळें वाईटपणा घ्यावा लागला असेल त्यांस हा तरुण नीरस वाटणार नाहीं.

कार्लाकवरून आणखी एक गोष्ट आठवली. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या जुन्या पुस्तकांत ऑर्क वगैरे कित्येक जाती सरसकट दुष्ट म्हणून नोंदलेल्या असत. ऑर्क दिसला कीं मारावा, विचारपूस नको. २०२० सालीं त्या खेळाच्या प्रकाशकांनीं ही रीत सोडून देत असल्याचें जाहीर केलें, तेव्हां जुन्या खेळणाऱ्यांनीं पुष्कळ कुरकुर केली. खेळांत कोणीतरी निर्वेधपणें मारण्यासारखें असावें, असें त्यांचें म्हणणें. आम्हांस हें म्हणणें घातक वाटतें, आणि आपल्या देशांत तर फारच घातक. जन्मावरून माणसाची किंमत ठरविण्याचा रोग आपणांस खेळांतून शिकावयास नको. तो घरांत आहेच. वास्तविक आपल्या जुन्या कथा ह्या बाबतींत अधिक उदार आहेत. प्रल्हाद असुरकुळांतला, बिभीषण राक्षसकुळांतला, आणि बळीराजा तर असुरांचा राजा. तरी दिवाळीच्या पाडव्यास महाराष्ट्रांतील शेतकरी त्याचेंच राज्य पुन्हां यावें म्हणून इच्छा करतो. पुण्याच्या नॉडिंग हेड्स मंडळीनें २०२० सालीं 'राजी' नांवाचा सुंदर खेळ काढिला. धाकट्या भावास असुरांनीं पळविल्यावर त्याच्यासाठीं एकटी झुंजणारी बहीण, भिंतींवरील देशी चित्रकला, दुर्गा व विष्णु ह्यांचें निवेदन, सारेंच मन मोहून टाकणारें आहे. अशा उद्योगाचें कौतुक करावें तितकें थोडेंच. परंतु वाटेंत येणारे असुर केवळ मारण्यापुरतेच येतात, हें पाहून आम्हांस आमचा संकासुर आठवला. निरक्षर म्हणून हिणविलेल्या खेळ्यांनीं दैत्यास बोलावयास तोंड दिलें. एवढ्या कलेच्या ह्या खेळांतही त्यास तें मिळूं नये काय?

खेळण्यांतील एका संवयीविषयीं मात्र आम्ही पालकांच्या बाजूचे आहों, किंबहुना त्यांच्याही पुढें आहों. हे खेळ वाटेल तेथें जतन करून ठेवितां येतात. अवघड प्रसंग आला कीं मुलें आधीं तो क्षण जतन करतात, मग एक उत्तर देऊन पाहतात; परिणाम मनाजोगा झाला नाहीं तर मागें येऊन दुसरें देतात. सोबत्याचा विश्वासघात करून पाहिला, गंमत आली नाहीं, मागें आलों. कांहीं घडलेंच नाहीं! रक्तपातापेक्षां ही संवय आम्हांस अधिक वाईट वाटते. टोबी फॉक्स ह्या अमेरिकन गृहस्थानें २०१५ सालीं 'अंडरटेल' नांवाचा लहानसा खेळ केला, त्यास ही खोड बरोबर कळली होती. त्यांत कोणासही न मारतां शेवटपर्यंत जातां येतें. आरंभींच टोरियल नांवाची एक मायाळू बाई भेटते. पुष्कळांच्या हातून प्रथम ती मारली जाते; वाईट वाटून ते मागें जातात व दुसऱ्या खेपेस तिला वांचवितात. तेव्हां एक फूल त्यांच्यापुढें उगवतें आणि सांगतें, कीं तूं काय केलेंस तें मला ठाऊक आहे. तूं तिला मारलेंस, आणि मग खंत वाटून परत आलास. खेळणारे म्हणतात कीं त्या क्षणीं अंगावर कांटा उभा राहतो. पश्चात्ताप करून परत येणें चांगलेंच, पण झालेलें झालेंच नाहीं असें म्हणतां येत नाहीं, हें त्या फुलानें एका वाक्यांत शिकविलें. आम्हांस ह्याच गोष्टीसाठीं पुष्कळ तास लागतात.

आतां घरच्या गोष्टीकडे येतों. आमच्या शाळेच्या प्रत्येक वर्गांत सद्वर्तनाचा तक्ता लाविलेला आहे. खालीं पडलेला कचरा उचलला, एक तारा. आजारी मित्राची वही लिहून दिली, दोन तारे. महिन्याच्या शेवटीं सर्वांत अधिक तारे मिळविणाऱ्याचें नांव प्रार्थनेनंतर वाचून दाखवावयाचें. हेतु उत्तम आहे आणि ज्यांनीं हा प्रघात पाडिला त्यांच्याविषयीं आम्हांस आदर आहे. परंतु 'फेबल'मधील तेजोवलय आणि हा तक्ता ह्यांत फरक काय, असें नववींतल्या एका मुलीनें आम्हांस विचारलें, तेव्हां आम्हांस फरक सांगतां आला नाहीं. तीच पुढें म्हणाली, "सर, वही लिहून दिली कीं दोन तारे, म्हणून आजारी मुलाकडे आतां तिघे तिघे जातात, आणि जो ताऱ्यांत मागें पडला तो जातच नाहीं, कारण आतां त्याचा नंबर लागणार नसतो."

हा तक्ता काढून टाकावा असें आम्हीं शिक्षकांच्या बैठकींत सुचविलें आहे. कांहीं सहकाऱ्यांचें म्हणणें असें, कीं तारे बंद झाले तर कचरा कोणी उचलणार नाहीं. तसेंही होईल. तसें झालें तर निदान कोण कशासाठीं उचलीत होता एवढें तरी आपणांस कळेल, आणि पुढें काय करावयाचें तें तेथून ठरवितां येईल. येत्या पालक-सभेंत हा विषय निर्णयासाठीं ठेवण्यांत येणार आहे. ज्यांचें मत आमच्या विरुद्ध असेल त्यांनीं अवश्य यावें. आणि त्या नववींतल्या मुलीसही आपलें म्हणणें सभेपुढें मांडूं द्यावें, अशी विनंती आम्हीं मुख्याध्यापकांस केलेली आहे.